पाहुण्याची पिशवी आणि गिरणगावची जमीन

परगावी गेलेल्या सुशिक्षित मध्यमवर्गीयाच्या पापपुण्याच्या कल्पनांत अलीकडे एक नवी भर पडली आहे. मोठ्या मॉलमध्ये शिरून परदेशी छापाचा माल घेणे हे पाप. आणि त्याच शहरातल्या एखाद्या लहानशा, नेटक्या बुटिकमधून हातमागाची साडी, ठशांच्या छपाईचा कुडता किंवा चिनीमातीच्या बरणीतले लोणचे घेणे हे पुण्य. वृत्तपत्रांच्या रविवार-पुरवण्या हा उपदेश करतात, पर्यटन खात्यांची पत्रके करतात, सहल-कंपन्यांच्या जाहिरातीही करतात. ‘स्थानिक घ्या, स्थानिकांना जगवा’ ही घोषणा आता इतकी सर्वमान्य झाली आहे की, तिच्याविषयी शंका घेणारा माणूस एक तर भांडवलदारांचा हस्तक किंवा निव्वळ तिरसट ठरावा. आपल्या पक्षाच्या सहानुभूतीदारांच्या घरांतूनही ती ऐकू येते, आणि मोर्चा-अधिवेशनासाठी मुंबईला आलेली मंडळी फावल्या वेळात तिचे मनोभावे पालन करताना दिसतात.

ही घोषणा खोटी आहे असे मी म्हणत नाही. ती अर्धी खरी आहे, आणि तिच्यातून जो भाग गाळला गेला आहे तो नेमका समाजवाद्याने विचारात घ्यावयाचा भाग आहे. वस्तू कोठे विकली गेली एवढेच ही घोषणा विचारते. ती कोणी केली व कोणत्या मजुरीवर केली. ती विकणारा नोकर कोणत्या अटींवर उभा आहे. दुकानाखालची जमीन कोणाची. आणि त्या जागेवरून आधी कोणाला उठविले गेले, हे चार प्रश्न तिला पडतच नाहीत. ते प्रश्न मुंबईच्या संदर्भात विचारून पाहण्याचा येथे विचार आहे. उत्तरे इतर शहरांनाही थोड्याफार फरकाने लागू पडतील.

सेनापतींच्या रस्त्यावर

मुंबईत आलेल्या हौशी पाहुण्याला आज लोअर परळची वाट दाखविली जाते. फिनिक्स मिलच्या जागेवर मॉल आहे. रघुवंशी मिलच्या आवारात गृहसजावटीची आणि कपड्यांची उंची दुकाने आहेत. कमला मिल आणि मथुरादास मिल यांच्या आवारांत कचेऱ्या व उपाहारगृहे आहेत. जेथे जुनी दगडी भिंत किंवा ओतीव लोखंडाचा खांब शिल्लक राहिला आहे, तेथे तो दुकानाची शोभा म्हणून राखला आहे. त्याला ‘वारसा’ असे नाव आहे.

ही आवारे ज्या रस्त्यांवर आहेत त्यांची नावेही वाचण्याजोगी आहेत. एक ना. म. जोशी मार्ग. ज्यांनी १९२० साली आयटकच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि ज्यांनी गिरणी कामगारांच्या प्रश्नांसाठी आयुष्य वेचले, ते हे जोशी. दुसरा सेनापती बापट मार्ग. ज्यांनी १९२१ पासून मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी धरणाखाली जाऊ नयेत म्हणून सत्याग्रह केला, ते हे सेनापती. मुळशीची वीज मुंबईला हवी होती, आणि तिच्या मोठ्या गिऱ्हाइकांत याच गिरण्या होत्या. एका शतकात वीज घेणाऱ्या गिरण्याही गेल्या. जमीन मात्र राहिली. आणि जमिनीचा मालक राहिला.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. संपानंतर गिरण्या मोडकळीला आल्या की मोडकळीला आणल्या गेल्या, हा वाद येथे उकरण्याचे कारण नाही. जमिनीचे पुढे काय झाले ते मात्र सांगितले पाहिजे, कारण ते सारे कागदोपत्री आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत अठ्ठावन्न क्रमांकाचा नियम आला. गिरणीच्या जमिनीचा विकास करावयाचा असेल तर ढोबळमानाने एक हिस्सा मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक हिस्सा परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि एक हिस्सा मालकाला, अशी ती वाटणी होती. २००१ साली या नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली. ज्या जमिनीवर गिरणीचे बांधकाम उभे होते ती त्यातून सुटली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली लोकांच्या बाजूने अर्थ लावला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो निकाल फिरविला. सरकारी मालकीच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळानेही २००५ साली आपल्या गिरण्यांच्या जमिनी लिलावात काढल्या होत्या. मग खासगी मालकांना कोणी नावे ठेवावीत?

कामगारांच्या वाट्याला घरांच्या सोडती आल्या. पहिली मोठी सोडत २०१२ साली निघाली, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनी. दीड लाखाहून अधिक कामगारांनी व त्यांच्या वारसांनी घरांसाठी अर्ज केले. आजवर ज्यांना घर मिळाले त्यांचे प्रमाण सुमारे एक दशांश आहे. उरलेल्यांना शेलू-वांगणीचे नाव सांगण्यात आले. परळच्या माणसाला कर्जतच्या वाटेवर नेऊन सोडण्याच्या या योजनेला कामगार संघटनांनी विरोध केला तो योग्यच केला.

आता या जमिनीवरचे दुकान ‘स्थानिक’ आहे काय? दुकानाचा मालक मुंबईकर असेल. दुकान साखळीतले नसेल. त्यावर परदेशी पाटी नसेल. एवढ्या अर्थाने ते स्थानिक आहे. पण त्या जागेचा खरा स्थानिक वांगणीचा नकाशा हातात घेऊन बसला आहे.

गुणक, गळती आणि खंड

स्थानिक खरेदीच्या पुरस्कर्त्यांचा एक युक्तिवाद अर्थशास्त्रीय आहे, आणि त्याला अर्थशास्त्राचेच उत्तर दिले पाहिजे. ते म्हणतात, साखळी-दुकानात खर्च केलेला रुपया कंपनीच्या मुख्य कचेरीकडे जातो. स्थानिक दुकानात खर्च केलेला रुपया गावातच फिरतो. दुकानदार तो शिंप्याला देतो, शिंपी वाण्याला, वाणी दूधवाल्याला. काहन यांनी १९३१ साली व केन्स यांनी १९३६ साली मांडलेल्या गुणकाच्या कल्पनेचे हे घरगुती रूप होय. कल्पना चुकीची नाही. पण ज्यांनी गुणक वाचला त्यांनी गळतीचे प्रकरणही वाचावयास हवे होते. प्रत्येक फेरीत काही रक्कम प्रवाहाबाहेर पडते, आणि गुणक किती मोठा हे त्या गळतीवर ठरते. मुंबईसारख्या शहरात सर्वांत मोठी गळती जमिनीच्या भाड्याची आहे.

येथे रिकार्डोला विसरून चालणार नाही. दुकानाचे भाडे जास्त म्हणून माल महाग, असे आपण सहजपणे म्हणतो. रिकार्डोने दोनशे वर्षांपूर्वी धान्य आणि जमिनीचा खंड यांच्याबाबत याच्या उलटे दाखवून दिले. माल चढ्या भावाने खपतो म्हणून जमिनीचा मालक चढा खंड मागू शकतो. हाच न्याय दुकानांच्या गल्लीला लावून पाहा. एखाद्या गल्लीत चार चांगली दुकाने निघतात. पुरवणीत त्यांच्यावर लेख येतो. पाहुण्यांची रीघ लागते, विक्री वाढते. दुकानदार खूष होतो. पण भाड्याच्या कराराची मुदत संपते आणि मालक नवा आकडा सांगतो. तो आकडा वाढलेल्या विक्रीतूनच निघालेला असतो. दुकानदाराने तो मान्य केला तर पाहुण्याच्या औदार्याचा मोठा वाटा मालकाच्या घरी जातो. अमान्य केला तर दुकान जाते आणि त्या जागी अधिक भाडे देऊ शकणारी साखळी येते. म्हणजे स्थानिक दुकानाला जगविण्याच्या सद्हेतूने केलेली खरेदी, भाड्यावर कोणतेच नियंत्रण नसेल तर, त्याच दुकानाला उठवू शकते. यात कोणाचा दुष्टपणा लागत नाही. खासगी मालकीची मर्यादित जमीन एवढेच कारण पुरेसे आहे.

याची दुसरी बाजू अधिक बोधप्रद आहे. गिरगाव, दादर, लालबाग या भागांत मराठी फराळाची, मसाल्यांची, लोणच्या-पापडांची जी जुनी दुकाने आजही उभी आहेत, फोर्ट-मरीन लाइन्सकडची जी काही इराणी हॉटेले अजून ब्रून-मस्का देत आहेत, ती कशावर तगली? पाहुण्यांच्या रसिकतेवर म्हणावे तर रसिकता अलीकडची आणि दुकाने जुनी. त्यांतली अनेक तगली ती पागडीच्या जागांवर, १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने व पुढे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने दिलेल्या संरक्षणावर. ज्या कायद्याला आमचे नवे अर्थपंडित सत्तर वर्षे शिव्या देत आले, त्याच कायद्याने राखलेल्या दुकानात बसून ते ‘अस्सल मुंबई’चा आस्वाद घेतात. त्या कायद्यात दोष नाहीत असे नाही. इमारतींच्या दुरुस्तीची आबाळ हा त्याचा मोठा दोष होय. पण लहान दुकानदाराला जमिनीच्या बाजारापासून वाचविणारी भिंत तीच होती. पुनर्विकासात ती भिंत पडते. जुनी चाळ जाऊन मनोरा उभा राहिला की तळमजल्यावर पूर्वीचे भाडे आणि पूर्वीची उलाढाल असलेले दुकान किती दिवस टिकते, हे आपापल्या प्रभागात कार्यकर्त्यांनी पाहिलेच असेल.

मागावरचा माणूस

आता दुकानातल्या मालाकडे वळू. या गिरण्यांच्या यंत्रमालाने एके काळी हातमागाला देशोधडीला लावले. पुढे भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांनी गिरण्यांच्या कापडाला मागे सारले, कारण यंत्रमागावरच्या मजुराला गिरणी कामगाराचे हक्क नव्हते व तितके वेतनही नव्हते. आणि आता गिरणीच्या जागेवर हातमागाचे कापड उंची वस्तू म्हणून विकले जात आहे. कापडाच्या इतिहासाचे हे चक्र पूर्ण झाले असे कोणी म्हणेल. पण चक्राबरोबर विणकर वर आला काय?

२०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेचे आकडे पाहावेत. देशात सुमारे ३१ लाख कुटुंबे आणि ३५ लाख माणसे हातमागाच्या कामावर आहेत, आणि या माणसांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. विणकर कुटुंबांपैकी सुमारे दोन तृतीयांश कुटुंबांचे मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांच्या आत होते. हे उत्पन्न एका माणसाचे नसून घराचे आहे, हे ध्यानात घ्यावे. लोअर परळच्या बुटिकमध्ये पाच हजारांच्या आत हातमागाची चांगली साडी सापडली तर पाहुण्याला ती स्वस्त वाटते. एका पावतीवर एका घराचा महिना मावतो आणि तरी पिशवीत जागा उरते, असा हा हिशेब आहे.

विणकर आणि पाहुणा यांच्यामध्ये सूत देणारा, मजुरी ठरविणारा सावकार-व्यापारी आहे, घाऊक व्यापारी आहे, बुटिकवाला आहे आणि त्याच्या जागेचा मालक आहे. डॉ. लोहियांनी ‘दाम बांधो’ची मागणी केली तेव्हा कारखानी मालाची विक्रीची किंमत उत्पादनखर्चाच्या दीडपटीहून अधिक असू नये, असे सूत्र मांडले होते. ते सूत्र अव्यवहार्य म्हणून हसण्यावारी नेण्यात आले. आज हातमागाच्या साडीला ते लावून पाहावे आणि मग कोणाला हसू येते ते सांगावे. दुकानांवर ‘आमच्या विणकरांचा वारसा’ अशी पाटी असते. त्या वारसदारांना या साडीमागे किती मजुरी मिळाली, हे सांगणारी पाटी मात्र सहसा दिसत नाही.

यात सरकारची कामगिरीही नमूद करण्याजोगी आहे. १९८५ च्या कायद्याने बावीस प्रकारची वस्त्रे हातमागासाठी राखून ठेवली होती; ती संख्या पुढे अकरावर आली. १९०५ च्या स्वदेशीच्या चळवळीची आठवण म्हणून २०१५ पासून ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन साजरा होऊ लागला. आणि २०२० साली, टाळेबंदीत विणकरांचे माग थंड पडले असताना, त्या दिनाच्या तोंडावरच अखिल भारतीय हातमाग मंडळ बरखास्त करण्यात आले. ते मंडळ फार प्रभावी होते असे नव्हे. परंतु विणकरांच्या प्रतिनिधींना सरकारपुढे बसण्याची जी एक खुर्ची होती, तीही काढून घेतली गेली. दिन राहिला, मंडळ गेले. उत्सव करावा आणि अधिकार देऊ नये, या राज्यनीतीचे याहून नेमके उदाहरण शोधून सापडणार नाही.

काउंटरमागची मुलगी

स्थानिक दुकानाचे गुणगान करणाऱ्या लेखांत मालकाशी झालेल्या गप्पा असतात. दुकानात काम करणारी मुलगी त्यांत नसते. तिला किती पगार, किती तास, आठवड्याची सुट्टी भरपगारी की कशी, हे विचारणे शिष्टाचाराला धरून होत नाही. आणि लहान दुकानात पिळवणूक नसतेच, असा एक भाबडा समज समाजवाद्यांतही आहे. साखळी-दुकान तेवढे शोषक आणि लहान दुकान म्हणजे कुटुंब! ज्याने कधी लहान दुकानात नोकरी केली आहे त्याला हे कुटुंब कसे असते ते विचारावे.

१९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याने नोंदणी, कामाचे तास, सुट्टी यांचे किमान संरक्षण लहान दुकानातल्या नोकरालाही दिले होते. २०१७ च्या नव्या कायद्याने दहांपेक्षा कमी नोकर असलेल्या दुकानांना त्या तरतुदींतून जवळजवळ मोकळे केले. त्यांनी केवळ माहिती कळवावी, एवढेच उरले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा दहावरून वीसवर नेण्यास आणि कामाचा दिवस नऊ तासांवरून दहा तासांचा करण्यास मान्यता दिली. म्हणजे आपण ज्याला प्रेमाने ‘लहान स्थानिक दुकान’ म्हणतो, त्याची व्याख्याच आता ‘जेथे कामगार कायदा पोहोचत नाही ते ठिकाण’ अशी होत चालली आहे.

याच्या उलट केरळकडे पाहा. कोळिकोडची मिठाई तेरू ही गल्ली हलव्याच्या आणि कापडाच्या दुकानांसाठी प्रसिद्ध. त्या शहरात गेलेला पाहुणा तेथे जाणारच. त्या गल्लीतल्या दुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांना दिवसभर बसण्याची मुभा नव्हती. स्वच्छतागृहांची सोय नव्हती. पी. विजी या शिंपीकाम करणाऱ्या स्त्रीच्या पुढाकाराने ‘पेण्‌कूट्टु’ ही संघटना उभी राहिली, तिने वर्षानुवर्षे लढा दिला, आणि २०१८ साली केरळने दुकानातल्या नोकरांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला. २०२१ साली तमिळनाडूने तोच मार्ग धरला. बसण्यासाठी कायदा करावा लागतो ही लाजेची गोष्ट खरी. पण तो झाला, आणि तो गिऱ्हाइकांच्या सद्‌भावनेने झाला नाही. ज्या उभ्या होत्या त्यांनीच तो करवून घेतला.

खानावळ, पापड आणि पदपथ

खाद्यपदार्थांच्या बाबतीत गिरणगावाने आपल्याला अधिक चांगले धडे दिले आहेत, आणि ते विसरले जात आहेत याचे दुःख वाटते. घरदार कोकणात-घाटावर ठेवून आलेल्या कामगाराला खानावळवाल्या बाईने जेवू घातले. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना सावकाराच्या हातून सोडवून राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात नेले. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ साली झाले होते म्हणून ते दार होते, हेही सांगितले पाहिजे. त्याआधी १९५९ साली गिरगावात सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्या लिज्जत पापडात पापड लाटणारी बहीण ही संस्थेची सभासद असते. नायगावच्या कामगार वस्तीत १९४८ साली अपना बाजार निघाला तो ग्राहकांच्या सहकारातून. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. तिच्या सभासदांनी गट करून महिन्याचा किराणा एकत्र घेतला आणि मधल्या दलालीला फाटा दिला. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली ज्या बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या, त्यांच्याच शहरातली ही कामे आहेत. या सर्वांत ‘स्थानिक’ हा शब्द फारसा कोणी वापरला नाही. मालकी कोणाची, हा प्रश्न मात्र प्रत्येकाने विचारला, आणि आपापल्या परीने सोडविला.

लालबागला डंखावर कुटलेला मसाला आणि चिवडा घ्यायला जाणाऱ्या पाहुण्याला त्या बाजाराची घडण या इतिहासाशी जोडून कोणी सांगत नाही. गिरणी होती म्हणून कामगार होता, कामगार होता म्हणून बाजार होता. कामगाराची वस्ती उठली आणि बाजार तेवढा पर्यटनासाठी उरला, तर थोड्या वर्षांत तोही दगडी भिंतीसारखा ‘वारसा’ होऊन जाईल.

आणि या सर्वांहून स्थानिक असा जो विक्रेता, तो पदपथावर आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सोदनसिंग खटल्यात पदपथावरचा व्यवसाय हा घटनेने दिलेल्या व्यवसायस्वातंत्र्यात येतो, असे म्हटले. २०१४ साली संसदेने फेरीवाल्यांचा कायदा केला. त्यात नगर पथविक्रेता समितीवर चाळीस टक्के सभासद फेरीवाल्यांतून निवडून यावेत व त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशी तरतूद आहे. जो बाजार परंपरेने जेथे भरत आला तो ‘नैसर्गिक बाजार’ म्हणून मानावा, असेही कायदा म्हणतो. मुंबईत काय झाले? सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक माणसे मेली. गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे आले, माणसांचे लोंढे वाढले, पूल मात्र वेळेवर रुंद झाला नाही. पण राग निघाला तो फेरीवाल्यावर. काही पक्षांच्या कार्यकर्त्यांनी त्यांना मारहाण केली, आणि स्थानकापासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाला नको हा आदेश उच्च न्यायालयाकडून आला. त्याच वर्षाच्या अखेरीस कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून चौदा माणसे मेली. त्यानंतर काही दिवस पाडापाडी झाली आणि धंदे पुन्हा सुरू झाले. दोन्ही प्रसंगी नियमभंगाचीच चर्चा होती. पण पाटीवाल्याचा नियमभंग हा त्याच्या अस्तित्वाविरुद्धचा पुरावा ठरतो आणि मनोऱ्यातल्याचा तेवढा दुरुस्त करावयाचा दोष ठरतो. पुरवणीतल्या ‘स्थानिक दुकानां’च्या यादीत या पाटीवाल्याचे नाव कधी आले आहे काय?

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, बुटिकवाल्याने निदान विणकराला बाजार तरी दिला. तो नसता तर माग केव्हाच मोडीत निघाले असते. या म्हणण्यात तथ्य आहे. काही दुकानदारांनी आणि रचनाकारांनी विणकरांच्या गावी राहून, नवे नमुने देऊन, वेळेवर पैसे देऊन खरोखर मोलाचे काम केले आहे, आणि त्याची कदर केली पाहिजे. म्हणूनच मी बहिष्काराचा पुकारा करीत नाही. माझे म्हणणे एवढेच की, चांगल्या दुकानदाराचा चांगुलपणा ही विणकराच्या मजुरीची हमी होऊ शकत नाही. तो चांगला दुकानदारही उद्या भाड्याच्या करारापुढे हतबल होतो, आणि मग कात्री कोणाच्या मजुरीला लागते हे सांगावयास नको.

दुसरा आक्षेप आपल्यातल्याच काही मंडळींचा आहे. त्यांना हा सारा विषयच क्षुद्र वाटतो. साडी कोठे घ्यावी, चिवडा कोठे घ्यावा, हा काय पक्षाच्या मुखपत्राचा विषय आहे? मी म्हणेन, आहे. लोक राजकारणाला जेथे रोज शिवतात ती जागा बाजार हीच आहे. आणि गेल्या तीस वर्षांत नागरिकाचे रूपांतर गिऱ्हाइकात करण्याचे जे कार्य पद्धतशीरपणे झाले, त्याचा हा एक सौम्य आणि म्हणूनच घातक प्रकार आहे. वाईट गिऱ्हाइकाऐवजी चांगले गिऱ्हाईक व्हा, एवढेच तो सांगतो. एकट्या पाहुण्याने प्रत्येक साडीमागची मजुरी, प्रत्येक दुकानाचा भाडेकरार आणि प्रत्येक नोकराचे तास तपासावेत ही अपेक्षा असंभवनीय आहे. जे एकट्याच्या विवेकाला झेपत नाही त्यासाठीच कायदा, संघटना आणि सहकार असतात. पिशवी भरली की मन हलके होते, हा खरा धोका आहे. हलक्या मनाचा माणूस मोर्चाला येत नाही.

कार्यक्रम

म्हणून कार्यकर्त्यांपुढे चार गोष्टी ठेवतो. पहिली, दुकाने व आस्थापना कायद्याची मर्यादा वर नेण्याचे धोरण उलटे फिरविण्याची आणि केरळप्रमाणे बसण्याच्या हक्काची मागणी घेऊन दुकान-नोकरांची संघटना प्रत्येक मोठ्या बाजारपेठेत उभी करणे. दुसरी, आपापल्या शहरातील नगर पथविक्रेता समिती कायद्याप्रमाणे अस्तित्वात आहे की नाही, तिच्यात निवडून आलेले फेरीवाले बसतात की नाही, याची चौकशी करून ती बसविण्याचा आग्रह धरणे. तिसरी, पुनर्विकासात जुन्या लहान दुकानदाराला आणि बाजाराला त्याच जागी, परवडेल अशा भाड्याने जागा मिळावी, ही मागणी रहिवाशांच्या मागण्यांना जोडणे. त्याने लहान दुकानदार आणि भाडेकरू यांची तोडलेली एकजूट पुन्हा सांधली जाईल. चौथी, विणकरांच्या सहकारी संस्था आणि ग्राहक संस्था यांची थेट गाठ घालणे, आणि अशा प्रत्येक वस्त्रावर विणकराला मिळालेली मजुरी छापण्याची प्रथा पाडणे. एकदा काही दुकानांवर मजुरी छापली गेली की, जी छापत नाहीत त्यांना गिऱ्हाईकच विचारील.

आणि या चारही गोष्टींच्या आधी गिरणी कामगारांच्या घरांची मागणी आहे. ती जुनी झाली म्हणून कालबाह्य होत नाही. ज्यांनी संप केला त्यांतले अनेक आता हयात नाहीत. जे आहेत ते सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत आणि आझाद मैदानावर अजून येतात. मुंबईला येणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी साडी अवश्य घ्यावी, चिवडाही घ्यावा. परंतु त्या दिवशी मैदानात कामगारांचे धरणे असेल तर आधी तेथे जाऊन बसावे. दुकाने रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. सरकारने तशी सोय करून ठेवलीच आहे.